माहूरगडावर मला कोणी धरलं

माझ्या हातांना गरम-गार कळेनासं झालंय, हे मला माझ्या मुलीच्या किंकाळीने कळलं. मला शाळेत शिकवायला जायचं होतं, नेहमीची घाई होती. हंड्यातलं कढत पाणी बादलीत ओतलं, त्यात गार पाणी घातलं आणि रोजच्यासारखा हात बुडवून पाहिला. पाणी बेताचं वाटलं. खरं म्हणजे काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही म्हणजे पाणी ठीक असणार असं मी धरून चालले. पहिला तांब्या ईशूच्या पायांवर ओतला आणि पोरगी जी ओरडली, ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय केलंस गं माय! पाणी बघितलं न्हाईस का?"

"बघितलं होतं."

त्यांनी बादलीत बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं मागे ओढलं. मग त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या, कारण माझा दुसरा हात अजून त्याच बादलीत होता. मनगटापर्यंत लालभडक झाला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ईशूला फोड आले नाहीत. तेवढी माहूरच्या रेणुकाआईची कृपा. दुपारपर्यंत ती अंगणात खेळायलाही लागली. मी मात्र त्या दिवसापासून तिला हात लावायला भिऊ लागले. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं आत्याबाईंकडे गेलं. लेकरूही शहाणं असतं. संध्याकाळी मी शाळेतून आले की ती आधी माझ्याकडे यायची. हळूहळू ती आजीच्या पदराआडूनच माझ्याकडे बघू लागली. घरात कोणी मला बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या कितीतरी आधीपासून पायांचं काहीतरी बिनसलं होतं. सारखं वाटायचं, पायात जाड मोजे आहेत. काढायला वाकावं तर पाय उघडेच. आमच्या लोहा गावच्या बाजारातून चालताना चप्पल कधी पायातून निसटून मागे राहायची ते समजायचं नाही. मागून कुणीतरी हाक मारायचं, "मॅडम, चप्पल राहिली की!" मी हसून वेळ मारून न्यायची. मी तिथल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवते. फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळायला लागला, तेव्हा अशक्तपणा असेल म्हणून ताकदीची इंजेक्शनं घेतली. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायांपर्यंत विजेचा झटका जायचा. तेही मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय? दुखत नव्हतं, खुपत नव्हतं, सूज नव्हती. जे जाणवतच नाही त्याची तक्रार कशी करायची, हेच मला समजत नव्हतं.

बादलीच्या प्रसंगानंतर मात्र लपवणं शक्य नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी आधी अंगावर चट्टा आहे का ते पाहिलं. आमच्या भागात बधिरपणा म्हटलं की पहिली शंका महारोगाची येते. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक ठिकठिकाणी टेकवलं आणि तो आजार नाही असं सांगितलं. तरी ती गोष्ट आमच्या आधी गल्लीत पोचली होती. शेजारच्या काकू वाटीभर साखर न्यायला यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. आत्याबाईंचं म्हणणं वेगळंच. ईशू झाल्यावर माहूरला जाऊन रेणुकामातेची ओटी भरायची राहिली होती. आई आठवण करून देतेय, असं त्या म्हणायच्या. आमच्या ह्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, माणूस कमी बोलणारा. ते म्हणाले, "आधी लातूरला दाखवू." मी दोघांनाही हो म्हटलं. खरं काय ते मला कुठे माहीत होतं?

लातूरला माझा भाऊ राहतो. त्याच्याकडे उतरून मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. आत्याबाईही हट्टाने सोबत आल्या होत्या. एमआरआय मशीनच्या बोगद्यात पडून राहिले, पाठीतून पाणी काढलं, आणि मग डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून नसांवरचं आवरण खातात, म्हणून निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. मान वाकवली की जाणारा झटका त्याचाच. उन्हाने, उष्णतेने त्रास वाढेल. अनवाणी चालायचं नाही, रोज पाय तपासून पाहायचे. त्या बाई शांतपणे, न कंटाळता सांगत होत्या. मी विचारलं, "बरी होईन का?"

"येईल, जाईल," त्या म्हणाल्या. "काही परत येतं, काही राहून जातं. कुणाचं किती, ते मलाही आधी सांगता येत नाही."

दवाखान्यात ठेवून सलाइनमधून औषधं दिली. घरी परतले तेव्हा हातांत थोडीशी झिणझिण होती, बाकी सगळं तसंच. लोक भेटायला यायचे, माझ्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तर चांगल्या दिसता की." खरंच होतं ते. आरशात मीही स्वतःला चांगलीच दिसायची. मी आजारी आहे की नाही, हेच कधीकधी माझं मला ठरवता येईना. सकाळी उठले की पांघरुणात हात घालून आधी पाय आहेत का ते चाचपायचे, आणि चाचपणाऱ्या बोटांनाही धड कळायचं नाही. देवघरापुढे बसले की जप सुरू करायचे आणि मध्येच थांबायचे. मी काय मागत होते? पूर्वीचे हात? की फक्त हे सगळं काय आहे ते समजावं एवढंच? रागही यायचा. आई रागावली असेल तर माझ्यावर रागवावं, लेकराच्या पायांवर पाणी का पडू द्यावं? आणि आई रागावलेलीच नसेल, हा नुसता आजारच असेल, तर मग मी तिच्यापुढे बसून कुणाशी बोलतेय? दोन्हीकडून मन पोखरलं जायचं.

शेवटी हिवाळा सरता सरता आम्ही माहूरला निघालो. माझ्या श्रद्धेने नाही, आत्याबाईंच्या शब्दाने. गाडी आमचे हे चालवत होते, ईशू आजीच्या मांडीवर. किनवटच्या पुढे सागाच्या जंगलातून रस्ता वर चढू लागला तेव्हा मी खिडकीतून पाहत मनातल्या मनात म्हणत होते, आई, मला तुझ्याशी भांडायचंय की तुझ्या पाया पडायचंय, ते माझं मलाच ठाऊक नाही. गडाखाली पोचेपर्यंत ईशू झोपली. तिला घेऊन हे गाडीतच थांबले. आत्याबाईंचा नवस अनवाणी चढायचा होता. "तू चप्पल घाल," त्या मला म्हणाल्या. "नवस माझा हाय." पण सासूने अनवाणी चढायचं आणि सुनेने चपला घालून मागून जायचं, हे मला पटेना. डॉक्टरीणबाईंचं सांगणं मला पाठ होतं, तरी मी चपला गाडीत काढल्या. का काढल्या, हे आजही नीट सांगता येत नाही. पायांना काही कळत नाही तर कळत नाही, असं काहीतरी वाटलं असेल.

ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना हळद-कुंकू, खण, नारळ, पेढ्यांची दुकानं. पायरी आली की डोळ्यांनी पाहायची आणि पाय उचलून तिच्यावर ठेवायचा, असं मी चढत होते. पाय टेकला की नाही ते गुडघ्याला हिसका बसल्यावर समजायचं. वर जाईपर्यंत डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. बायांच्या रांगेत आत्याबाई पुढे, मी त्यांच्या पदराला धरून मागे. गाभाऱ्यातून पानाच्या तांबुलाचा वास येत होता.

मग आई समोर आली. मी लहानपणापासून फोटोत पाहिलेलं रूप, पण समोर उभं राहिल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं की हिला हात नाहीत, पाय नाहीत. नुसता मुखवटा, शेंदराने माखलेला, मोठ्या डोळ्यांचा. त्या डोळ्यांकडे पाहताना भांडण आठवलं नाही आणि मागणंही आठवलं नाही. पुजाऱ्यांनी ओटी घेतली. "चला, पुढं चला." मी घाईने मान वाकवली.

झटका गेला. रोज जायचा त्याच्या कितीतरी पट मोठा. मानेपासून खाली सगळं अंग थरथरलं, गुडघे गेले. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. मागून एक बाई ओरडली, "अंगात आलं! बाईच्या अंगात आलं गं!" आणि लगेच चारी बाजूंनी उदो उदो सुरू झाला.

मी पडले नाही. किती हातांनी मला धरलं ते माहीत नाही. काखेत, कमरेला, पाठीला हात. खांदे आणि पाठ माझी अजून शाबूत होती, तिथे प्रत्येक तळवा मला वेगळा जाणवत होता. कुणाच्या बांगड्या रुतत होत्या, कुणाचा हात घामाने ओला होता. मला उचलल्यासारखं करून त्या बायांनी बाहेर मंडपात आणून खांबाशी बसवलं. कपाळाला हळद-कुंकवाचा मळवट भरला. मी सांगायचा प्रयत्न करत होते की हे तसं नाही, मला आजार आहे, पण जीभ टाळूला चिकटली होती. एवढंच म्हणता आलं, "पाणी द्या." तर बायांनी त्याचाही अर्थ लावला. "आई पाणी मागून राहिली!" तीन-चार तांबे पुढे आले.

एक तरुण बाई माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. डोळे सुजलेले. "आई, माझं लेकरू दवाखान्यात हाय," ती म्हणाली. "वाचंल का, एवढंच सांग." मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या हात जोडून उभ्या होत्या. काय सांगणार होते मी तिला? नाही म्हणावं, मी देवी नाही म्हणावं, तर तिचा चेहरा बघवत नव्हता. वाचेल म्हणावं तर कोणत्या तोंडाने? माझं स्वतःचंच मला काही सांगता येत नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या तळव्याला तिचे केससुद्धा लागले नाहीत. पण ती त्या हाताखाली हमसून रडली आणि मग तिचे खांदे सैल पडले. तो हात माझा होता की नव्हता, या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

बाया पाया पडायला वाकत होत्या. त्यांत एक म्हातारी वाकली आणि तशीच थांबली. मग वर बघून म्हणाली, "सरा गं बायांनो. देवीचं मागून बघू. हिचा पाय फुटलाय."

तेव्हा कुठे मी पाहिलं. उजव्या तळव्यात बाटलीच्या काचेचा तुकडा रुतला होता. मंडपाच्या फरशीवर, गाभाऱ्याच्या दारापासून मी बसले होते तिथपर्यंत, रक्ताचे ठसे उमटले होते. ते ठसे माझे आहेत हे मला कोणीतरी बोट दाखवून सांगावं लागलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

म्हातारीने आत्याबाईंना सोबत घेऊन मला नळाशी नेलं. काच आत्याबाईंनी काढली. मला दुखलं नाही. म्हातारी पाणी ओतत होती, आणि तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बोटं आत वळलेली, दोन बोटं अर्धीच. तांब्या ती दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून ओतत होती. माझी नजर तिने ओळखली.

"महारोग झालता," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. कुणाला लागत न्हाई आता. भिऊ नको."

"मी नाही भीत, मावशी," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, इतक्या महिन्यांत डॉक्टरीणबाईंशिवाय कोणालाच न विचारलेला प्रश्न मी तिला विचारला. "मावशी, परत कळायला लागतं का हो?"

तिने खोटं सांगितलं नाही. "माझं न्हाई आलं."

"मग कसं करता?"

"सुनेला इचारते. दूध ताटात वतायच्या आदी तिला म्हणते, बघ गं, गरम हाय का. पयले लाज वाटायची. वाटायचं, एवढं बी न्हाई येत का आपल्याला. आता न्हाई वाटत." मग म्हणाली, "माझा हात न्हाई तर तिचा हात. घरात कुणाचा तरी असतोच की."

आत्याबाईंनी नवसासाठी आणलेल्या जास्तीच्या कोऱ्या खणाची पट्टी फाडून माझा पाय बांधला. म्हातारीच्या गावच्या बाया तिला हाका मारत होत्या. ती उठली, वळलेल्या बोटांनी माझ्या गालावरून हात फिरवला, आणि गर्दीत गेली. तिचं नाव, गाव काही विचारायचं राहिलं. खाली फोन करून ह्यांना बोलावलं. ते ईशूला कडेवर आणि चपला हातात घेऊन वर आले, तिला आत्याबाईंकडे दिलं, खाली बसले आणि चपला माझ्या पायांत घालून दिल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी ईशूची वेणी घालत असताना मला तिचे केस लागले. मऊ, थोडेसे तेलकट. मी वेणी तशीच सोडून रडत बसले आणि ती घाबरून आजीला बोलवायला पळाली. आत्याबाई म्हणाल्या, आई पावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाला वेळ लागतो, चांगली गोष्ट आहे. आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला कळायला लागलं ना? बास." घरात आता मी विचारायला शिकले होते. पाणी, दूध, तवा, सगळं. ईशूला त्यात मोठी मजा वाटते. मी काही हातात घेतलं की तीच आधी बोट लावून निकाल देते.

इथेच थांबता आलं असतं तर ही गोष्ट सरळ झाली असती. पण या वर्षी पुन्हा डावा पाय गेला, एका डोळ्याला काही दिवस धूर दिसला. पुन्हा लातूर, पुन्हा सलाइन. दवाखान्यातल्या खाटेवर पडून मी पुन्हा तिथेच येऊन पोचले होते. आईने दिलं होतं तर परत का घेतलं? आणि तिने दिलंच नव्हतं, तर गडावर मी कुणाच्या नावाने त्या बाईच्या डोक्यावर हात ठेवला? मनात हे सलत होतं. म्हणून घरी आल्यावर एका दुपारी, आत्याबाई शेंगा फोडत बसल्या असताना, मी सांगून टाकलं.

"आत्याबाई, माहूरला माझ्या अंगात आलं नव्हतं. तो आजाराचा झटका होता."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाव हाय मला."

"म्हणजे?"

"लातूरच्या बाईनं मान वाकवायचं सांगितलं तवा मी तितंच बसले होते की."

"मग तुम्ही त्या बायांना सांगितलं का नाही? नुसत्या हात जोडून उभ्या राहिलात."

आत्याबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तू पडाया आली होतीस, माय. म्या म्हातारीनं एकलीनं तुला कशी धरली असती? देवी आली म्हणून धा जणी धावल्या. नुसती बाई पडली असती तर रांग म्होरं सरकली असती." आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आईच्या दारात तुझा तोल गेला आन आईच्या नावानं तुला धरलं. आता त्यात ती आली का न्हाई, तूच सांग."

 मी त्यांच्याशेजारी बसून शेंगा फोडू लागले. बोटांना धड लागत नव्हत्या, अर्ध्या दाण्यांचा चुरा होत होता. त्यांनी तो बाजूला केला नाही.

परवा पुन्हा माहूरला जाऊन आलो. या खेपेला मला चढवणार नव्हतं, म्हणून आत्याबाईंनी डोली ठरवली. धडधाकट दिसणाऱ्या बाईने डोलीत बसायचं, लोक काय म्हणतील, म्हणून मी बराच वेळ अडून बसले. मग बसले. माणसांनी दांडा खांद्यावर घेतला आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. सुटले हे दिसलं म्हणूनच समजलं. पायऱ्या खालून मागे सरकत होत्या, ईशू वडिलांचं बोट धरून शेजारून उड्या मारत चढत होती. आई, मला अजून काही उमगलेलं नाही. तू कुठे असतेस, औषध कुठे संपतं आणि तू कुठे सुरू होतेस, ते मी आता विचारत नाही. मला वर नेत आहेत, एवढं मात्र मला त्या वेळी नक्की माहीत होतं, आणि मी पहिल्यांदाच दांड्याला घट्ट धरलेला हात सोडून मांडीवर ठेवला.